कै. मच्छिंद्र कांबळी : एका हंसविणाऱ्या माणसाची ओळख

शाळेच्या वार्षिक अंकांत थोर पुरुषांचीं चरित्रें यावयाचीं, हा आपला जुना परिपाठ आहे. देशभक्त, शास्त्रज्ञ, संत, समाजसुधारक यांपैकीं कोणी ना कोणी दर वर्षीं या पानांतून आपणांस भेटून जातो. त्या पंक्तींत आज मी एका हंसविणाऱ्या माणसाला आणून बसवीत आहें, याचें कांहीं पालकांस नवल वाटेल. "विदूषकाचें तें चरित्र काय?" असा प्रश्न हा लेख लिहिण्यापूर्वींच एका स्नेह्यानें मला केला. मीं त्यास उत्तर दिलें कीं, रडविणें हें त्या मानानें फार सोपें आहे; नववीच्या उत्तरपत्रिका परत करितांना तें मी वर्षांतून चार वेळां करून दाखवितों. परंतु दिवसभर राबून आलेल्या हजार माणसांस एकाच क्षणीं, एकाच शब्दावर मनापासून हंसावयास लावणें ही विद्या कोणाही ऐऱ्यागैऱ्यास साधत नाहीं. ती ज्यास साधली, आणि तीही आपल्या घरच्या बोलींत साधली, त्या माणसाची ओळख आपल्या मुलांस असावी, असें मला वाटतें.

मच्छिंद्र कांबळी यांचा जन्म ४ एप्रिल १९४७ रोजीं झाला. देश स्वतंत्र होण्यास तेव्हां चार-साडेचार महिने अवकाश होता. मालवणाजवळील रेवंडी हें त्यांचें मूळ गांव. आपल्या विजयदुर्गाहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस निघालें, देवगड मागें टाकिलें, आचऱ्याची खाडी ओलांडली, म्हणजे तो मुलूख लागतो. त्या गांवची देवी भद्रकाली. पुढें कांबळी यांनीं स्वतःची नाट्यसंस्था काढिली, तेव्हां तिला त्यांनीं याच देवीचें नांव दिलें. पोटासाठीं मुंबई आणि जिवासाठीं गांव, अशी कोंकणी माणसाच्या आयुष्याची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कांबळी यांची नाट्यसृष्टि या विभागणींतूनच उगवली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मालवणी ही मराठीची बोली कीं कोंकणीची, हा वाद पंडितांनीं घालावा. त्यांस दुसरें काम नसेल तेव्हां खुशाल घालावा. आपण ती बोलतों, एवढें आपल्यापुरतें पुरे. मराठी रंगभूमीवर ती पूर्वीं ऐकूं येत नव्हती असें नाहीं. येत असे, पण बहुधा स्वयंपाकघराच्या दारांतून! मुंबईच्या सुखवस्तु घरांत धुणें-भांडीं करणारा, बाजार आणणारा, मुलें सांभाळणारा गडी पुष्कळदां कोंकणांतला असे. त्याचें खरें नांव कांहींही असो, घरांतील मंडळी त्यास 'रामा' म्हणत. नाटकांतही तोच रामा खांद्यावर फडकें टाकून येई, चहाचा पेला ठेवी, दोन वाक्यें मालवणींत बोले, प्रेक्षक हंसत, आणि तो आंत निघून जाई. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. प्रेक्षक हंसत तें रामाच्या विनोदास नव्हे. तो बोलतो कसा, यासच हंसत. हंसणारे खुर्चींत आणि ज्याला हंसावयाचें तो उभा, अशी ती व्यवस्था होती. कांबळी यांनीं ही व्यवस्थाच उलटी केली. त्यांच्या नाटकांत मालवणी बोलणारा माणूस मधोमध बसला, आणि सगळें जग त्याच्याभोंवतीं फिरूं लागलें.

तें नाटक म्हणजे 'वस्त्रहरण'. तें व्यावसायिक रंगभूमीवर १९८० सालीं आलें. त्याचे लेखक गंगाराम गवाणकर. ते तर आपले शेजारीच म्हणावयाचे. विजयदुर्गाच्या खाडीपलीकडे राजापूर तालुका सुरू होतो, त्यांतील माडबन हें त्यांचें गांव. या नाटकाचें आरंभींचें नांव 'आज काय नाटक होवचा नाय' असें होतें, आणि खरें पाहतां सगळें कथानक त्या एका वाक्यांत आलें आहे. कोंकणांतील एका गांवचीं माणसें महाभारतांतील द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवावयास घेतात. गांवचे सरपंच तात्या हे त्या उद्योगाचे धनी. तालमी होतात, मानापमान, रुसवेफुगवे होतात, पुढें प्रत्यक्ष प्रयोगाची रात्र उजाडते आणि पौराणिक हस्तिनापुरांत गांवचा सगळा गोंधळ शिरतो. कांबळी हे तात्या सरपंचाची भूमिका करीत.

आतां यांत एवढें हंसण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळें या प्रश्नाचा विचार माझ्या पद्धतीनें केला आहे. राजसभेंत उभे राहिलेले कौरव-पांडव आरंभीं जड, संस्कृतप्रचुर मराठी बोलूं पाहतात. ती त्यांनीं पाठ केलेली असते, भाड्यानें आणलेल्या मुकुटासारखी. पण पाठांतर विसरलें, कीं मुकुट सरकतो आणि खालून डोकें दिसूं लागतें. म्हणजे तोंडांतून मालवणी बाहेर पडते. ती बाहेर पडतांच तो मनुष्य खोटा राजा न राहतां खरा गांवकर होतो. प्रेक्षक हंसतात ते या सुटकेला. मुलांनो, तुमच्यापैकीं ज्यांनीं वक्तृत्वस्पर्धेंत पाठ केलेलें भाषण मधेंच विसरण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

प्रारंभीं या नाटकाकडे लोकांची रीघ लागली होती असें नाहीं. शुद्ध भाषेच्या नाटकांस सरावलेल्या शहरी प्रेक्षकांस तें नवखें वाटलें. पुढें पु. ल. देशपांडे यांनीं तें पाहिलें आणि पत्र लिहून त्याचें मनमोकळें कौतुक केलें. त्यानंतर प्रेक्षकांची दृष्टि बदलली. कौतुक करणारा हा मनुष्य स्वतः हंसविण्याच्या विद्येंत अग्रगण्य होता, हें विशेष. आपल्याच धंद्यांतील दुसऱ्याचें यश पाहून ज्याचें तोंड कडू होत नाहीं, असा कलावंत विरळा. 'वस्त्रहरणा'चे प्रयोग पुढें ५००० च्या वर गेले. ही संख्या मुलांच्या ध्यानांत यावी म्हणून सांगतों : रोज एक याप्रमाणें, एकही सुटी न घेतां, ५००० प्रयोग करावयाचे म्हटलें, तर पावणेचौदा वर्षें जवळजवळ पुरीं होतील.

हीं माणसें ५००० वेळां कोणासाठीं हंसवीत होतीं, तें मला माझ्या घरांत कळलें.

माझे वडील मुंबईंत एका कापडगिरणींत साचेखात्यांत होते. तरुणपणीं ते येथील बंदरावरून आगबोटींत बसले आणि भाऊच्या धक्क्यास उतरले. लालबागेंत गांवकऱ्यांची एक खोली होती, तींत वीस-पंचवीस माणसें राहात. पाळ्या बदलत तशा पथाऱ्या बदलत. एकजण उठून कामावर गेला कीं त्याच्या उबदार जागेवर दुसरा येऊन पडे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. संप मिटल्याची रीतसर घोषणा व्हावी, असा दिवस कधीं उगवलाच नाहीं. वडिलांनीं वर्षभर वाट पाहिली, आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ते घरीं परतले. मी त्या वेळीं अगदीं लहान होतों. मला आठवूं लागलें तेव्हांपासून वडील म्हणजे फार थोडें बोलणारे गृहस्थ. हंगामांत आंब्याच्या बागेची राखण करावी, पेट्या भराव्या, एरवीं मिळेल ती मजुरी करावी, आणि संध्याकाळीं खळ्यांत बसून समुद्राकडे पाहावें. गिरणीचा विषय घरांत कोणी काढीत नसे. आईनें तशी ताकीदच दिली होती.

मी प्राथमिक शाळेंत असतांना माझ्या मामांनीं मुंबईहून एक टेपरेकॉर्डर आणिला, आणि त्याबरोबर 'वस्त्रहरणा'च्या कॅसेटी. त्या काळीं कोंकणांत या कॅसेटी घरोघर वाजत. पहिल्या रात्रीं शेजारचीं माणसें आमच्या पडवींत जमलीं. वडील आंत न बसतां दाराआड उभे राहून ऐकत होते. बराच वेळ त्यांच्या तोंडावर कांहीं दिसलें नाहीं. मग तात्या सरपंचाच्या कोणत्यातरी बोलण्यावर त्यांना असें हंसूं कोसळलें कीं, त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. आई घाबरून चुलीपासून उठून आली. तिला वाटलें, यांना कांहीं झालें. तिच्या हातांत पीठ लागलेलें होतें, आणि त्याच हातानें तिनें त्यांचा दंड धरिला, हें मला अजून दिसतें. माझ्या बहिणीनें आणि मीं तें हंसणें तोंपर्यंत कधीं ऐकलेलें नव्हतें.

त्या रात्रीं कॅसेट संपल्यावर लोक गेले नाहींत; कारण वडील बोलूं लागले. लालबागच्या त्या खोलींत गांवकरी मंडळी दर वर्षीं नाटक बसवीत, हें मला त्या दिवशीं प्रथम समजलें. परळच्या दामोदर नाट्यगृहांत कामगारांचीं नाटकें होत. तें नाट्यगृह १९२२ पासूनचें. तेथें एकदां तरी आपलें नाटक व्हावें, ही प्रत्येक खोलीची महत्त्वाकांक्षा असे. वडिलांनीं सांगितलें कीं, त्यांच्या नाटकांत राणीचें काम करणारा गडी दुसऱ्या पाळीवरून थेट रंगपटांत आला, आणि घाईंत केसांतला कापूस झाडावयाचा राहून गेला. राणी एका रात्रींत म्हातारी झाली असें पाहून राजा वाक्य विसरला. 'वस्त्रहरणां'त दाखविले आहेत ते सर्व घोटाळे आमच्या खोलींत अगोदर होऊन गेले आहेत, असें ते शपथेवर सांगत होते. मला वाटतें, गिरणगांवांतल्या दर दुसऱ्या खोलींतील मनुष्य अशीच शपथ घेण्यास तयार झाला असता.

त्या कॅसेटीनें वडिलांची गिरणी परत मिळाली नाहीं, आणि थकलेले पैसेही मिळाले नाहींत. परंतु त्यानंतर ते मुंबईबद्दल बोलूं लागले. पुष्कळदां एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगत, आणि आम्ही ती प्रत्येक वेळीं नवी असल्यासारखी ऐकत असूं.

कांबळी यांचा हा विनोद आकाशांतून पडला नाहीं. आपल्या भागांत कार्तिक सरला कीं देवळोदेवळीं जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो, तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस संकासुर ठाऊकच आहे. डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या वेषांतला हा असुर वेद चोरून नेतो. गणपति, सरस्वती, ब्रह्मदेव हीं पात्रें आपापल्या मानानें येतात-जातात. पण संकासुर आला म्हणजे झोंपीं गेलेलीं मुलें उठून बसतात. कारण तो आपल्यासारखा बोलतो! तो गांवच्या भानगडी जाणतो, समोर बसलेल्या खोताला किंवा सावकाराला टोमणा मारितो, आणि कोणी रागावूं शकत नाहीं. शेवटीं विष्णु त्याचा वध करितात तें ठीकच आहे, पण तोंपर्यंतची रात्र त्याची असते. दशावतारांत लिहिलेली संहिता नसते. कथा तेवढी ठरलेली, संवाद ज्याचे त्यानें उभ्याउभ्या रचावयाचे. हजरजबाबीपणाचें असें विद्यापीठ ज्या मातींत शेंकडों वर्षें विनाअनुदान चालूं आहे, तेथें एखादा मच्छिंद्र कांबळी निपजावा, यांत आश्चर्य नाहीं. फरक एवढाच कीं, संकासुर पहांटेपूर्वीं मरतो. तात्या सरपंच शेवटपर्यंत टिकून राहतात.

हंसविणाऱ्यांची गोष्ट निघाली म्हणजे चार्ली चॅप्लिन यांचें नांव यावयाचेंच. ते १६ एप्रिल १८८९ रोजीं जन्मले व लंडनच्या दरिद्री वस्तींत वाढले. आईबाप दोघेही रंगमंचावर गाणारे. पण बाप व्यसनी निघाला आणि आईची प्रकृति ढासळली. सातव्या वर्षीं या मुलास आईबरोबर निराधारांच्या आश्रमांत जावें लागलें. पुढें नाटकमंडळीबरोबर अमेरिका, आणि १९१४ सालीं चित्रपट. आंखूड कोट, ढगळ विजार, मोठे बूट, हातांत वेताची काठी, असा तो भटक्या त्याच वर्षीं प्रथम पडद्यावर आला, आणि थोड्याच वर्षांत पृथ्वीवर त्याला न ओळखणारें मूल शोधून काढावें लागलें असतें.

मला चॅप्लिन आणि कांबळी यांची तुलना करावयाची नाहीं. एकाचें राज्य सगळ्या जगावर, दुसऱ्याचें मुख्यतः आपल्या किनाऱ्यावर. परंतु भाषेच्या बाबतींत दोघांनीं जो निर्णय घेतला तो एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. चित्रपट बोलूं लागले, सर्व नट बोलूं लागले, तरी चॅप्लिन यांनीं आपल्या भटक्यास बोलूं दिलें नाहीं. १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्यें तो मुकाच आहे. १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्यें तो एकदांच तोंड उघडतो आणि गातो, तेंही पृथ्वीवरील कोणत्याच भाषेंत नसलेल्या शब्दांत! हा भटक्या इंग्रजी बोलला, तर तो इंग्रजी जाणणाऱ्यांचाच होऊन जाईल, अशी त्यांची धास्ती होती. कांबळी यांनीं अगदीं उलट मार्ग धरिला. त्यांनीं भाषा सोडली नाहीं. उलट अशी भाषा धरिली कीं जी घाट चढल्यावर लोकांस धड कळेना. आणि गंमत अशी कीं, तीच भाषा बोलत 'वस्त्रहरण' पुढें चॅप्लिन यांच्या लंडन शहरांत जाऊन पोंचलें. माझा कल कोणाकडे आहे, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. मात्र चॅप्लिन यांची धास्ती खोटी होती असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

'मॉडर्न टाइम्स'संबंधीं आणखी एक सांगावयाचें राहिलें. १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं गांधीजी लंडनला गेले असतांना चॅप्लिन त्यांस भेटले होते, आणि यंत्रांस तुमचा विरोध कां, असें त्यांनीं विचारिलें होतें. पांच वर्षांनीं आलेल्या या चित्रपटांत तो भटक्या कारखान्यांत उभा राहून दिवसभर खिळ्यांचे पेच आवळतो. भोंगा होऊन बाहेर पडला तरी त्याचे हात आवळीतच राहतात. माझ्या वडिलांनीं हा चित्रपट कधीं पाहिला नाहीं. पण साच्यावर बारा वर्षें काम केलेला हात रात्रीं झोंपेंत कसा हलतो, हें त्यांनीं मला करून दाखविलें होतें, आणि मी पुढें महाविद्यालयांत हा चित्रपट पाहिला तेव्हां तो हात मला पडद्यावर दिसला. शेजारचे विद्यार्थी हंसत होते. मीही हंसलों, पण एका डोळ्यानें.

कांबळी यांना रंगमंचावर मीं एकदांच पाहिलें. त्यावेळीं मी महाविद्यालयांत होतों. प्रयोग कणकवलीस होता, आणि आम्ही चौघे मित्र परतीच्या गाडीचा विचार न करितां गेलों होतों. सगळे संवाद मला पाठ होते. कॅसेट इतक्या वेळां ऐकल्यावर नवीन काय हंसावयाचें, अशी माझी समजूत होती. पण कॅसेटींत जें ऐकूं येत नाहीं तें मीं तेथें पाहिलें. तें म्हणजे या माणसाचें गप्प राहणें. समोरचा कांहीं तरी बावळट बोले. कांबळी लागलीच उत्तर देत नसत. ते त्याच्याकडे पाहात, मग प्रेक्षकांकडे पाहात, जणूं काय, "ऐकलांत ना?" असें आम्हांलाच विचारीत. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. तेवढ्या वेळांत हंसण्याची एक लाट उठून जाई, आणि ती ओसरतां ओसरतां त्यांचें वाक्य येई, म्हणजे दुसरी लाट पहिलीवर आदळे. आपल्या बंदरावर उभें राहून पावसाळ्यांत ज्यांनीं लाटा मोजिल्या असतील, त्यांस मी काय म्हणतों तें कळेल. वर्गांत शांतता कशी वापरावी हें मीं कोणत्या अध्यापक-विद्यालयांत शिकलों, असें मला कोणी विचारिलें, तर कणकवलीचें नांव मला घ्यावें लागेल. परत येतांना गाडी मिळाली नाहींच, एस. टी. स्थानकाच्या बाकांवर आम्हीं रात्र काढिली आणि पहांटेपर्यंत एकमेकांस तात्यांच्या आवाजांत हांका मारिल्या.

'वस्त्रहरणा'नंतरची त्यांची कारकीर्द थोडक्यांत सांगतों. 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा', 'वय वर्षं पंचावन्न' आदि नाटकें त्यांनीं केलीं. सगळींच सारख्या तोलाचीं होतीं असें नव्हे. कांहीं नाटकें तर केवळ त्यांच्या चेहऱ्यावर चालत. पण मालवणी नाटक हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊं शकतो, त्यावर नट, वादक, पडदेवाले यांचे संसार चालूं शकतात, हें त्यांनीं सिद्ध केलें. ३० सप्टेंबर २००७ रोजीं त्यांचें निधन झालें. वय अवघें साठ. त्यांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव प्रसाद यांनीं 'भद्रकाली' संस्था पुढें चालविली. गवाणकर यांना २०१६ सालीं ठाणें येथील अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मिळाला. ज्या बोलीला पूर्वीं स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहावें लागे, तिचा लेखक संमेलनाच्या मुख्य आसनावर बसला, ही बातमी वाचून मीं ती शिक्षकांच्या खोलींतील फळ्यावर लिहून ठेविली होती.

आतां शाळेकडे वळतों. कारण हा लेख लिहिण्याचें निमित्त तेथेंच झालें.

लहानपणीं मी ज्या एका शाळेंत होतों, तेथें वर्गांत मालवणी शब्द उच्चारिला तर बाहेर उभें राहावें लागे. आपल्याकडे तशी शिक्षा नाहीं. पण शिक्षा नसली म्हणून भीति नसते, असें नाहीं. माझ्या वर्गांत एक मुलगी आहे. दोन वर्षें ती प्रश्नाचें उत्तर देत नसे. उत्तर तिला येत असे, कारण ती तें वहींत अचूक लिही. एकदां तिच्या मैत्रिणीनें मला खरें कारण सांगितलें : बोलतांना 'मला' ऐवजीं 'माका' तोंडांतून गेलें तर मुलें हंसतील, या धाकानें ती गप्प राही. वर्गांतील बहुतेक सर्व मुलें घरीं 'माका'च म्हणतात! तरीही हंसली असतीं, हें मात्र मला मान्य करावें लागतें.

यंदा स्नेहसंमेलनासाठीं आठवी-नववीच्या मुलांनीं मालवणी प्रहसन करण्याची परवानगी मागितली. प्रहसन त्यांनींच रचिलें होतें. गांवांत नवीन नळ बसतो, पाणी येत नाहीं, म्हणून सगळा गांव जमून नळापुढें गाऱ्हाणें घालतो, असा विषय. पालकांच्या सभेंत त्यावर चर्चा झाली. एक पालक उभे राहिले. मासेमारी करणारे, सरळ बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मास्तरांनु, माझो झील शाळेत मराठी नि इंग्रजी शिकाक येता. मालवणी तेका घराकडे फुकट गावता. तेच्यासाठी फी कशाक भरूची?" सभेंत हंशा पिकला, पण त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. त्यांच्या मोठ्या मुलाची मुंबईंत नोकरीची मुलाखत झाली होती, आणि बोलण्यामुळें आपली नोकरी गेली अशी त्या मुलाची समजूत झाली होती. बापाला धाकट्याच्या बाबतींत तें पुन्हां नको होतें. मीं एवढेंच सांगितलें कीं, प्रमाण मराठी आम्ही कसोशीनें शिकवूं, तींत कसूर झाली तर मला जाब विचारा. परंतु घरच्या भाषेची लाज धरणारें मूल दुसरी भाषाही दबकतच बोलतें, असें माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाचें म्हणणें आहे. ते खालीं बसले, पण पटलें असें दिसलें नाहीं. अखेरीस मुख्याध्यापकांनीं परवानगी दिली.

सरपंचाची भूमिका कोणी करावयाची, यावर मुलांत भांडण झालें, आणि भांडण मिटेना म्हणून ती त्या गप्प मुलीकडे गेली. कांबळी कोण, हें यांतील बहुतेक मुलांस ठाऊक नव्हतें. त्यांच्या जन्मापूर्वींच ते गेले. मीं त्यांस 'वस्त्रहरण' दाखविलें नाहीं. पाहिलें असतें तर नक्कल केली असती. फक्त गप्प राहून प्रेक्षकांकडे पाहण्याची ती युक्ति तेवढी तिला सांगितली. ती तिला पहिल्या तालमींतच साधली. मला यांत नवल वाटलें नाहीं. गप्प राहण्याचा तिला दोन वर्षांचा सराव होता.

प्रयोगाच्या दिवशीं सभागृह भरलें होतें. ती मुलगी डोक्याला फेटा गुंडाळून, हातांत छत्री घेऊन आली, नळाकडे पाहिलें, लोकांकडे पाहिलें, आणि तोंड उघडण्यापूर्वींच पहिली रांग हंसूं लागली. तिची आजी दाराशीं उभी होती. ती शेजारणीस मोठ्यानें सांगत होती कीं, हें आमचें चेडूं. पुढें गाऱ्हाणें सुरू झालें, आणि सरपंचानें एकेक मागणें केलें कीं कडेला उभा असलेला एक मुलगा खणखणीत आवाजांत 'व्हय म्हाराजा' म्हणे. पाणी अर्थात् शेवटपर्यंत आलें नाहीं.

पडदा पडल्यावर मी आंत मुलांचे कपडे गोळा करवीत होतों, तोंच ते पालक रंगपटांत आले. मला वाटलें, आतां कांहीं ऐकावें लागणार. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें देखील नाहीं. ते थेट त्या 'व्हय म्हाराजा'वाल्या मुलापाशीं गेले आणि त्याला म्हणाले, "अरे, गाऱ्हाण्याक 'व्हय म्हाराजा' असो एकटो म्हणतत काय? सगळ्यांनी वांगडा म्हणाक व्हया!" आणि तेथेंच, अर्धा रंग पुसलेल्या त्या पंधरा मुलांस एका रांगेंत उभें करून, त्यांनीं तें तीन वेळां म्हणवून घेतलें.